कटल्यांची भूक

"बघ, आज किती भुकेलेत!" सबनीसकाकांनी कणकेच्या गोळ्यांचा डबा उघडला. बागेच्या तळ्यात हातभर लांब कटले मासे वर येऊन तोंडं वासत होते.

पाण्याची तपासणी करणाऱ्या केतकीने मीटर पाहिला. प्राणवायू निम्म्यावर आला होता. "काका, नका टाकू! ही भूक नाही, गुदमरलेत ते. कणीक कुजली की प्राणवायू आणखी घटेल. कारंजं लावायला सांगा, पाण्यात हवा मिसळू दे."

"अकरा वर्षं खाऊ घालतोय मी. तू कालची पोर!"

तेवढ्यात तळाशी राहणारी, सापासारखी जाडजूड वाम पाणी सोडून पायरीवर सरपटत आली.

ती काही कणकेसाठी आली नव्हती. काका "कारंजं लाव रे!" ओरडत माळ्याकडे धावले.

कारंजं उडालं, तरी कटल्यांची तोंडं उघडीच होती. डबा घट्ट बंद करून काका केतकीशेजारी उकिडवे बसले.

"वाचतील ना गं?"