अकराव्या भागातला आवाज

"दहावा आला, बारावा आला. अकरावा कुठे गेला?" आईनं विचारलं.

घड्याळजीनं मोबाइल पुन्हा चाळला. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची ती पोलिसी मालिका जुन्या टेपांच्या ढिगात सापडली होती आणि आता दर आठवड्याला तिचा एकेक भाग मोबाइलवर बघायला मिळत होता. इन्स्पेक्टरनं दार आपटलं की भिंत हलायची. आजची पोरं त्यावर खो खो हसायची, आणि तरी खुनी कोण हे कळेपर्यंत जागची उठायची नाहीत. अकरावा भाग मात्र कुठेच नव्हता. नेमका तोच!

त्या भागात घड्याळजीचे वडील खुनी झाले होते. त्यांच्या आयुष्यातली ती एकुलती एक मोठी भूमिका. दोन वर्षांनी ते अपघातात गेले, तेव्हा घड्याळजी पाळण्यात होता.

आईची नजर जाऊन सात वर्षं झाली होती. डावा कानही गेला होता. उजवा फार तर चार महिने टिकेल, असं कानाच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलास? चेहरा तिथे भिंतीवर आहे, फोटोत," आई म्हणायची. "तो आवाज एकदा कानावर पडू दे. मग मी खुशाल बहिरी होते."

तिचा हा ध्यास आजचा नव्हता. ती त्याच स्टुडिओत नोकरीला होती. तेव्हा चित्रीकरण आधी व्हायचं आणि आवाज मागाहून भरायचे. बंद खोलीत बोलणाऱ्यासमोर संवादाचे कागद धरायचे आणि जरासुद्धा सळसळ न करता उलटायचे, हे तिचं काम. खुन्याचा कबुलीजबाब तिला तोंडपाठ होता. घड्याळजी लहान असताना घास भरवता भरवता ती तोच म्हणायची. आत्या कपाळाला हात लावायची.

"आवाज अगदी बाबांचा घेतलाय पोरानं," पुढे त्याचा आवाज फुटल्यावर आई कौतुकानं म्हणायची.

"काहीतरीच!" आत्या नाक मुरडायची. "माझ्या भावाचा आवाज म्हणजे पिपाणी. हा तर विहिरीत बोलल्यासारखा घुमतो."

आत्याला आईचं कधी काही पटलं नव्हतं, त्यामुळे तिचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी घड्याळजीनं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद ठेवलं आणि मालिका जिथे सापडली होती, त्या टेपांच्या संग्रहालयात तो गेला. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी त्याला खुर्ची दिली.

"टेप आहे हो. चित्रही बरं आहे. पण आवाज बुरशीनं खाल्लाय. एक अक्षर उरलेलं नाही. म्हणून तर तो भाग दाखवला नाही आम्ही."

त्यांनी चित्र लावून दाखवलं. पंचविशीतले वडील हात बांधून उभे होते. ओठ हलत होते आणि खोलीत शांतता होती. घड्याळजीच्या तोंडून आपसूक शब्द निघाले.

"होय साहेब, मीच केलं. पश्चात्ताप असता तर पळालो असतो. मी इथेच बसून राहिलो."

बाई वळून बघायला लागल्या. "अहो, ओठांवर बसतंय की!"

घड्याळजीनं खुर्ची पुढे ओढली.

"एवढा कबुलीजबाब माझ्या आवाजात भरून द्या. फक्त आईपुरतं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला ऐकवणार नाही."

"नियमात बसत नाही हे."

"मग बुरशी बसते का नियमात?"

बाईंना हसू आलं. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. बाईंनी त्यात जुन्या टेपची थोडी खरखरही मिसळली.

अकराव्या भागाचा एवढाच तुकडा उरलाय, असं सांगून घरी त्यानं आईच्या उजव्या कानाला हेडफोन लावला. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, पण ते आता बघणारं कोण होतं? पहिल्या वाक्याला आई ताठ बसली. मग तिचे ओठ हलायला लागले. मांडीवरची बोटं आवाज न करता एकेक कागद उलटत होती.

"हाच!" ती रडत म्हणाली. "अगदी हाच रे. काही म्हणजे काही बदललं नाही."

त्या एका दिवसात तिनं तो कबुलीजबाब पाच वेळा ऐकला. घड्याळजीला बरं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. आंधळ्या आईला आपण फसवलं, हे काही केल्या त्याच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बाईंकडे गेला.

"मी तिला सांगून टाकणार," तो म्हणाला. "मला सहन होत नाही."

बाईंनी त्या भागात आवाज कुणी भरले त्याचा एक पिवळा पडलेला तक्ता पुढे सरकवला. "कालच सापडला. आता जिवाला लावून घेऊ नका. तेव्हा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, असं सर्रास चालायचं. हे बघा. चेहरा तुमच्या वडिलांचा. आवाज मात्र ह्या दुसऱ्याच गृहस्थांचा, बातम्या वाचायचे म्हणे. तुमच्या वडिलांचा आवाज त्या टेपवर कधी नव्हताच. आईंनी भाबडेपणानं ओळखला, झालं."

तक्त्यात खाली तिसरी ओळ होती. कागद कुणी धरले, ते लिहिलं होतं. तिथे आईचं नाव होतं.

घड्याळजी घरी आला तेव्हा आई हेडफोन लावूनच बसली होती. तो तिच्याजवळ खाली बसला. आधी अर्धं खरं सांगावं, मग उरलेलं, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं.

"आई, ह्या भागात बाबांचा आवाज नव्हता गं. दुसऱ्या कुणाचा तरी भरला होता."

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "कागद मीच धरले होते."

"मग इतकी वर्षं बाबांचा आवाज, बाबांचा आवाज म्हणत होतीस तो?"

आईनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे तोंड वळवलं.

"तुझ्या बाबांचाच," ती म्हणाली. "ह्यांचा नव्हे."