गुंडाप्पांचा निरोप

जळकोटला घरी बसून कंपनीची नोकरी करणाऱ्या शिवकन्येनं लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर चार कमांड टाइप केल्या आणि घरच्यांचे निरोप पाठवणाऱ्या आपल्या एआय एजंटला मराठी सुधारणारा लेखन-सहायक जोडला. तिचे वडील गुंडाप्पा बोलायला भारी फटकळ. आता ते मोबाइलमध्ये काहीही बोलले, तरी एजंट ते सभ्य मराठीत करून परस्पर समोरच्याला पाठवायचा.

पाचव्या दिवशी मेंढपाळ मल्हारचा कळप त्यांच्या तुरीत शिरला. गुंडाप्पांनी फोन तोंडाशी धरला. "मल्ल्या, उद्या ये मेंढरं घिऊन माझ्या रानात. वाटच बघतो तुझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हार खरंच कळप घेऊन आला. त्याची ही हिंमत बघून गुंडाप्पांचं डोकं फिरलं. त्यांनी कुऱ्हाड उचलली. पहिला घाव खांद्यात बसला, दुसरा गुडघ्यावर. मल्हारनं हातातली काठीसुद्धा उगारली नाही. तो नुसता त्यांच्या तोंडाकडं बघत खाली बसला.

दवाखान्याच्या दारात मल्हारची बायको नागूबाई शिवकन्येसमोर उभी राहिली. तिच्या लुगड्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

"ताई, आमी काय चोरून आलो व्हतो का? झालं गेलं इसरून अप्पांनीच खतासाठी मोकळ्या रानात मेंढरं बसवायला बोलावलं, असं वाटलं आमाला."

तिनं मल्हारचा फोन पुढं केला.



'श्री. मल्हार यांस, उद्या आपण मेंढ्या घेऊन माझ्या शेतात यावे, ही नम्र विनंती. आपली वाट पाहत आहे.'