जाळीच्या दोन्ही बाजू

दर महिन्याला चर्चमधले दोघे फादर एकमेकांकडे पापांची कबुली देत. थोरल्या फादरांनी कबुलीच्या कक्षातल्या जाळीला कान लावला. पलीकडून धाकट्याचं तेच ते पाप आलं: स्वयंपाकाच्या बाईचा हात धरला, ती ओरडली, म्हणून चोरीचा आळ घालून तिला हाकललं.

"लोकांना खरं सांगितलंस का?"

"अजून धीर होत नाही, फादर. पण पश्चात्ताप आहे."

तो मागच्या खेपेलाही होता. वाद घालायची थोरल्यांची उमेद कधीच आटली होती. त्यांनी क्षमा दिली, कण्हत उठले आणि पलीकडे जाऊन गुडघे टेकले. आता धाकटा जाळीमागे बसला.

"समोरच्याचा पश्चात्ताप खोटा आहे हे कळूनही मी क्षमा देतो," थोरले म्हणाले. "दर वेळी."

"देव दयाळू आहे," म्हणत धाकट्याने त्यांनाही मोकळं केलं.

मग दोघे चहाला बसले. नव्या बाईने खाली मान घालून कप ठेवले आणि ती आत गेली. धाकटा तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"ही गरीब स्वभावाची आहे," तो म्हणाला. "तोंडातून शब्द काढत नाही."

थोरल्यांनी साखर ढवळली. पुढच्या महिन्याची कबुली त्यांनी आजच ऐकली होती.