ओढ

जुन्या गाडीच्या इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड कुठेच मिळेना, तेव्हा मास्तरांनी तो घरीच बनवायला घेतला. पहिले दोन वेल्डिंग करतानाच फुटले. तिसराही फुटला तर गाडी भंगारात द्यायची, असं बायकोने डोळे पुसत कबूल केलं होतं. त्याच गाडीवर ती चालवायला शिकली होती.

तिसरा तयार झाला आणि त्यातून बारीक शीळ येऊ लागली. शीळ म्हणजे फट. मास्तरांनी कान लावून सांधा हुडकला, त्यावर पुन्हा वेल्डिंग मारलं. शीळ थांबली. मॅनिफोल्डच्या तोंडावर तळहात धरला, तर हात घट्ट ओढला गेला.

मास्तरांच्या जिवात जीव आला. "अगं, ये लवकर! जमलं!"

बायको धावत आली. "नीट ओढतोय ना?"

"बघ की, हात निघत नाही!"

दोघंही पोटभर हसले. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं.

"अहो, पण हा अजून टेबलावरच्या शिकंज्यातच आवळलेला आहे. इंजिनाला कुठे जोडलाय?"

मास्तरांनी वाकून पाहिलं. पलीकडच्या चारही नळ्या उघड्या होत्या; हवा ओढणारं तिथे काहीच नव्हतं.

तेवढ्यात ओढ थांबली, आणि त्यांच्या तळहातावर आतून कोणीतरी ऊबदार, लांबलचक सुटकेचा निःश्वास टाकला.