पानथरी नाही

हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्याची चढण संपली तशी आनंदरावांची पाचावर धारण बसली. पुढे मानसिंगराव, पुण्याचे मुलांचे मोठे डॉक्टर, झपाझप चालले होते, आणि आनंदरावांची वही त्यांच्या काखेत होती.

अडतीस सालचा दसरा नुकताच झाला होता. हिवताप मुरलेल्या पोराच्या डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, ती हाताला लागते. कुठल्या वाडीत किती पोरांची वाढली आहे हे मोजून कोयनेल, हिवतापाचं औषध, कुठे वाटायचं ते ठरायचं होतं. मोजायला आनंदरावांना, डॉक्टर होऊन वर्षही न झालेल्या गड्याला, पंधरा दिवसांपूर्वी एकट्याला धाडलं होतं. खालच्या गावांत निम्मी पोरं पानथरीची निघाली. धनगरवाड्यावर अकरा पोरं, अकराही ठणठणीत. आनंदरावांनी खुशीत तक्ता आखला. मानसिंगरावांचा नेम मात्र असा, की जो तक्ता सगळ्यांत स्वच्छ, त्या गावी स्वतः जाऊन पुन्हा मोजायचं. काल वही वाचून त्यांनी एवढंच विचारलं होतं, की अकरा पोटांत एकावरही डाग कसा नाही? या डोंगरात पोर हिवाने फणफणलं की आधी तापल्या विळ्याने त्याचं पोट डागतात.

वाड्यावर बाया जमल्या. आनंदरावांनी वही मागून घेतली आणि पहिलं नाव पुकारलं, भीमा. त्याच्या आईने, बयाबाईने, कुंची घातलेलं गुटगुटीत पोर आणून समोर ठेवलं. पोट मऊ, डाग नाही. दुसरं नाव ज्ञानू. त्याची आई पारूबाई झोपडीमागून पोर घेऊन आली. याला कुंची नव्हती. पोट मऊ, डाग नाही.

"हात काढू नका," मानसिंगराव म्हणाले. "आता त्याच्या तोंडाकडे बघा."

आनंदरावांनी बघितलं. तेच पोर. परक्याची नजर पडली की दुखणं बळावतं, म्हणून वाड्यावरच्या बाया आजारी पोरं आत दडवून दोन-तीन धडधाकट पोरंच आलटूनपालटून पुढे करत होत्या. गेल्या खेपेलाही तेच झालं होतं. मोजमाप चुकू नये म्हणून हे महाशय इतके जपत होते, की अकरा पोटं पाहिली आणि तोंड एकाचंही पाहिलं नाही.

खरा भीमा कुठे आहे, असं आनंदरावांनी विचारलं. बयाबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली. आतून, कुडाच्या पलीकडून, बारीक कण्हणं आलं.

चारेक वर्षांचा भीमा घोंगडीखाली पडला होता. अंग भाजत होतं, डोळे अर्धवट उघडे, हाकेला ओ नाही. पोटावर डागांच्या ताज्या रेघा, आणि त्यांच्याखाली पानथरी थेट बेंबीपर्यंत, दगडासारखी घट्ट. त्या मोजणीवरून गेल्या आठवड्यात खाली हिर्डोशीत घरोघर कोयनेल वाटलं होतं. इथे एक गोळीही आली नव्हती, कारण वहीत इथे शून्य होतं. ते शून्य आनंदरावांच्या हातचं होतं.

मानसिंगरावांनी बरोबर आणलेल्या कोयनेलची सुई टोचली आणि पोराचं मनगट धरून बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं आनंदरावांना वाटलं.

"वही घ्या," ते खाली बघतच म्हणाले. "भीमाच्या नावापुढचं खोडा, आणि आत्ता पाहिलंत ते लिहा."

आनंदरावांनी पान उघडलं. 'पानथरी नाही' हे त्यांचंच वळणदार अक्षर होतं. मानसिंगरावांची बोटं मनगटावरून जरा वर सरकली, मग खाली आली, मग पुन्हा वर गेली. नाडी सापडत नव्हती. ते आनंदरावांना कळलं, बयाबाईला नाही. ती वहीकडे बघत होती. शाईची रेघ अर्धी ओढली गेली तशी ती पुढे झाली आणि तिने पानावर आडवा हात ठेवला.

"ते नगा खोडू, डागदरसायेब," ती म्हणाली. "मागं तुमी बरा हाय म्हणून लिवलं, तवा आठ दिस पोरगं उठून खेळलं. आता बी तसंच लिवा."