एका सिलिंडरवर भजी आणि ताक

"एकाच सिलिंडरवर भजी तळ आन् ताकही गार कर, अर्धी मिशी उतरवतो!" बापू घोरपडे चाळीसमोर गरजले. "नाही जमलं, तर फाटकातनं गाडी हलव."

फाटकात भज्यांची गाडी लावणाऱ्या सुमनला हेच हवं होतं. तिच्या सिलिंडरात हायड्रोजन पिऊन बसलेली धातूची भुकटी होती. शेगडीला गॅस सोडताना ती भुकटी आजूबाजूची सगळी ऊब ओढून घ्यायची. सुमननं सिलिंडर सरळ ताकाच्या पिंपातच उभा केला आणि शेगडी पेटवली.

कढईत भजी फुलली, तसं पिंप बाहेरून घामेजलं. बापूंनी ताकाचा पेला तोंडाला लावला आणि त्यांचे दात शिवशिवले.

"लबाड आहेस, सुमे! राहू दे गाडी इथंच."

सलूनवाला दिगू वस्तरा परजत आला. अख्खी चाळ टाळ्या पिटत होती.

"डावी काढ रे," बापू स्टुलावर बसत म्हणाले, "उजवीचं ताक अजून चाटायचंय."