स्विचवरचं कुलूप

नोकरीला रामराम ठोकून, मोटरसायकलला बॅगा बांधून मी देश पालथा घालायला निघालो. शहराबाहेरच्या पेट्रोलपंपावर खिशात हात घातला, तर माझं लाल कुलूप हाताला लागलं. आमच्या रंगाच्या कारखान्यात मिक्सर आतून घासायला उतरणाऱ्याने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं. कुलूप नसलं, की आत कुणी नाही समजून मशीन सुरू. आम्ही दोघं मात्र माझ्याच कुलपावर भागवायचो. "तुझं आहे ना, मग माझं कशाला?" जोडीदार म्हणायचा. आज माझ्या निरोपाची वेळ झाली म्हणून घासकाम अर्धवट टाकून दोघं बाहेर आलो. पण निरोपाला तो फिरकलाच नाही. मी चाललो म्हणून रुसला असेल. निघताना आठवण म्हणून स्विचवरचं कुलूप काढून घेतलं. आता त्याला फोन लावला. साहेबांनी उचलला. "मोबाइल बाकावर टाकून हा कुठे उलथलाय? तुला सोडायला आलाय ना?" त्यांच्या आवाजामागे मिक्सर घरघरत होता.